शुगर आहे आणि यंत्रावर काम आहे: इजा टाळायची तर काय काय करायचं

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत, वडगाव-खासबागच्या मागावर, निपाणीच्या तंबाखू-विडीत, चिक्कोडी-अथणीच्या ऊसफडात, खानापूरच्या भातशेतीत, कुठंही चार माणसं जेवायला बसली की एकाच्या डब्याशेजारी गोळ्यांची स्ट्रिप निघते. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये छापून आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांतले ११.४ टक्के. पण आपल्याकडे शुगरची चर्चा भात खावा की नको, कारल्याचा रस किती घ्यावा, इथंच फिरते. यंत्रापुढे, कोयता हातात घेऊन किंवा परांचीवर चढून काम करणाऱ्याला शुगर नेमकी कुठं गाठते, ते कुणी बसवून सांगत नाही.

ती चार ठिकाणी गाठते. शुगर अचानक खाली जाते आणि हात-डोकं चालेनासं होतं. पाय आणि बोटं बधिर होतात, त्यामुळं लागलेलं कळत नाही. नजर दगा देते. आणि जखम झालीच तर ती हटता हटत नाही. यातलं तुमच्या वाट्याला काय येतं ते तुमच्या गोळ्यांवर आणि तुमच्या कामावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. आधी गोळ्या ओळखा

शुगर ‘लो’ होण्याचा धोका सगळ्या औषधांत सारखा नसतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो आहे, तसाच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि जुनी ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्यांनाही आहे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा अशी खाली जात नाही. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांचंही तेच. घोळ असा की बाजारात जोडगोळ्या फार आहेत. एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, कधी त्यात व्होग्लिबोज तिसरी. स्ट्रिपवर कंपनीचं नाव ठळक आणि आतल्या औषधांची नावं मुंगीएवढी. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा, नाहीतर औषध दुकानदाराकडून पेनाने खूण करून घ्या.

सीमाभागात यात आणखी एक भानगड होते. निपाणीचा माणूस मोठ्या डॉक्टरला दाखवायला कोल्हापूर-मिरजेला जातो आणि गावातल्या दवाखान्याची गोळीही चालू ठेवतो. चंदगडकडचा बेळगावात येऊन तेच करतो. दोन कागद, दोन ब्रँड, आत औषध एकच. ग्लिमेपिराइड दुप्पट पोटात जाते आणि माणूस म्हणतो, ‘हल्ली अकराच्या सुमाराला थरथरायला होतं.’ घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि ती पिशवी एकाच डॉक्टरपुढे उपडी करा.

तिथंच तीन गोष्टी बोलून घ्या. पहिली, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. किडनी कमजोर असेल तर यातली काही औषधं अंगात रेंगाळतात. दुसरी, रक्तदाबाची गोळी. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांपैकी काही चालू असेल तर लो होताना छातीत होणारी धडधड आणि हाताची थरथर दबते. घाम मात्र येतो, तेवढीच खूण उरते. तिसरी गोष्ट म्हणजे तुमचं काम. ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगू नका. लेथवर आहे, ग्राइंडरवर आहे, ट्रॅक्टर चालवतो, एक आठवडा रात्रपाळी असते, असं सांगा. गोळी बदलायची की वेळ, हे डॉक्टरला त्यावरूनच ठरवता येतं. स्वतःच्या मनानं गोळी सोडणं हा उपाय नव्हे.

२. गोळी आणि भाकरी यांच्यात अंतर पडू देऊ नका

माझ्या मते कामावरच्या निम्म्या भानगडींचं मूळ इथं आहे. गाळप हंगामात ऊसतोडीची टोळी पहाटेच्या अंधारात फडात उतरते. घरून किंवा कोपीवरून निघताना गोळी घेतली, वर कपभर चहा आणि एक बटर. भाकरी सोडायची ती मोळ्या बांधून झाल्यावर, नऊ-दहाला. मधले चार-पाच तास गोळी तिचं काम करत असते, अंग तर साखर जाळतच असतं, आणि हातात धारदार कोयता. फाउंड्रीतला पहिल्या पाळीचा माणूसही हेच करतो, फक्त कोयत्याच्या जागी ग्राइंडर असतो.

ग्लिमेपिराइड दिवसातल्या पहिल्या खऱ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. चहा-बटर म्हणजे जेवण नव्हे. भाकरी-भाजी दहाला खाणार असाल तर गोळीही त्याच वेळी घ्यायची का, हे डॉक्टरला स्पष्ट विचारा. इन्सुलिनवाल्यांनी तर विचारल्याशिवाय वेळ हलवूच नये, आणि टोचून झाल्यावर जेवण लांबवू नये.

पाळी बदलणाऱ्यांनी डॉक्टरकडून दोन वेगळी वेळापत्रकं लिहून घ्यावीत, एक दिवसपाळीचं आणि एक रात्रपाळीचं. रात्रपाळीला डबा पाळीच्या मध्यावर खा. पहाटे सुटल्यावर घरी जाऊन खाऊ म्हणून ठेवू नका.

जड कामाचा परिणाम काम थांबल्यावरही चालू राहतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून भातलावणीचे पहिले दिवस, स्लॅब भरणीचा दिवस, हंगामाची सुरुवात, अशा वेळी झोपण्यापूर्वी शुगर तपासा. रात्री घामानं अंथरूण भिजणं, सकाळी डोकं जड होऊन उठणं, ही झोपेत शुगर उतरल्याची खूण असू शकते.

संकष्टी, एकादशी, नवरात्र यांना कुणी नको म्हणत नाही. पण उपवास, नेहमीची गोळी आणि यंत्र हे तिन्ही एकाच दिवशी नकोत. उपवास धरायचाच तर चार दिवस आधी डॉक्टरला विचारा. दारूचं म्हणाल तर रिकाम्या पोटी घेतली की यकृत साखर सोडायचं थांबतं, आणि लो व्हायला दुसऱ्या दिवशीची सकाळही उजाडू शकते.

३. आकडा बघूनच यंत्राला हात लावा

इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गटातली गोळी असेल तर ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तावर शुगर मोजायचं यंत्र, घरी कपाटात ठेवून उपयोग नाही. कामावर निघण्यापूर्वी, आणि सुरुवातीचे पंधरा दिवस दुपारच्या जेवणाआधीही तपासा. आकडे वहीत लिहा. चार ओळी झाल्या की तुमची उताराची वेळ आपोआप दिसते.

७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. ७० ते ९० च्या मध्ये असेल तर आधी काहीतरी खा, मग गाडी किंवा यंत्र चालू करा. लो होऊन सावरल्यावर लगेच स्टिअरिंगवर बसू नका. आकडा जाग्यावर आला तरी मेंदू पूर्ववत व्हायला साधारण पाऊण तास लागतो. वरच्या बाजूला, ३०० च्या पुढं आकडा, घशाला कोरड, उलट्या, अंगात त्राण नाही असं असेल तर ते कामाला जायचं शरीर नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वारंवार लो होणाऱ्याला हळूहळू पूर्वसूचनाच मिळेनाशी होते. थरथर नाही, भूक नाही, सरळ गोंधळ. अशा माणसानं उंचीवर, भट्टीजवळ किंवा एकट्यानं काम करूच नये, जोवर डॉक्टर औषध बदलून ते लो होणं थांबवत नाहीत तोवर.

४. खिशात काय ठेवायचं

ग्लुकोज पावडर. चार सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, प्लास्टिकच्या छोट्या पुडीत बांधून अशा तीन पुड्या करा. एक शर्टाच्या खिशात, एक डब्याच्या पिशवीत, एक गाडीच्या डिकीत. लॉकरमध्ये ठेवलेली पुडी नसल्यातच जमा, कारण लो झालेल्या माणसाला कुलूप उघडता येत नाही.

साधी साखरही चालते, एक अपवाद सोडून. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांच्या पोटात साखर लवकर फुटत नाही. त्यांना ग्लुकोजच हवं. चॉकलेट, पेढा, बिस्किटं यांवर भिस्त ठेवू नका. आणि बेळगावचा माणूस असलात तरी कुंदा यासाठी नाही. खव्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात उशिरा पोचते.

लो वाटलं की क्रम असा: यंत्र बंद, हातातलं हत्यार खाली, खाली बसा, पुडी पाण्यात घालून प्या. १५ मिनिटं थांबा. पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी. वर आल्यावर मग भाकरी, पोळी, उप्पीट, काय असेल ते खा, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. तपासायला यंत्र नसेल तर वाट न बघता आधी साखर घ्या. चुकून जास्त झाली तर एका दिवसाचा आकडा बिघडेल, इतकंच.

५. शेजारच्याला सांगून ठेवा

‘मालकाला कळलं तर काम जाईल’ ही भीती खोटी नाही. तरी सगळ्या शॉपला सांगायची गरज नसते, शेजारच्या यंत्रावरच्या एकाला आणि फोरमनला सांगा. कारण लो झालेला माणूस बाहेरून कसा दिसतो? घामाघूम, बोबडं बोलणारा, चिडका, पाय अडखळणारा. फाउंड्रीत घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळं तिकडं लक्ष जात नाही, आणि बाकीचं बघून लोक म्हणतात ‘हा सकाळी सकाळीच टाकून आलाय.’ हाकलून बाहेर बसवलेला माणूस तिथंच बेशुद्ध पडू शकतो.

शेजाऱ्याला एवढं शिकवा. माणूस विचित्र वागायला लागला की आधी यंत्राचा स्विच बंद कर. गिळता येत असेल तर ग्लुकोज दे, तो ‘नको, मी ठीक आहे’ म्हणाला तरी. शुद्ध हरपली असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नकोस. पाणीही नको, साखरही नको. फिट आली म्हणून कांदा, चप्पल हुंगवत बसू नकोस. कुशीवर वळव, १०८ ला फोन कर. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात ने, कारण गोळीमुळं उतरलेली शुगर काही तासांनी परत उतरू शकते.

आपल्याकडे पाळीत मराठी-कन्नड सरमिसळ असते, अँब्युलन्सवाल्याला मराठी वाचता येईलच असं नाही. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यात मधुमेह आहे, औषधांची नावं, घरचा नंबर. कन्नड बाजू एखाद्या सोबत्याकडून लिहून घ्या. आणि तोंडानं सांगायची वेळ आली तर ‘शुगर लो आगैती, सक्री कोड्री’ (शुगर लो झालीय, साखर द्या) एवढं पुरतं.

६. पाय

इथं जरा थांबून वाचा. पाय दुखत नाही याचा अर्थ पाय बरा आहे असं शुगरवाल्यानं धरू नये. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या शॉपमधला लोखंडाचा कपचा बुटात शिरतो, दिवसभर तळव्यात रुततो, आणि संध्याकाळी मोजा काढताना तो चिकटलेला दिसतो तेव्हा कळतं. उसाच्या तोडलेल्या बुडख्यांवरून चप्पल घालून चालणाऱ्याचं तसंच. ओतकामात ठिणगी बुटात पडली तर संवेदना असलेला माणूस उडी मारतो, बधिर पायाचा माणूस काम करत राहतो.

बधिरपणा घरी ओळखता येतो. डोळे मिटून बसा. घरच्या माणसानं बोटाच्या टोकानं अगदी हलका स्पर्श करायचा, दाबायचं नाही, एक-दोन सेकंद, दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर तुमचा पाय धोक्यातला आहे असं धरा आणि डॉक्टरकडून मोनोफिलामेंटनं, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेनं, तपासून घ्या. तशीही वर्षातून एकदा पायांची तपासणी सगळ्यांनीच करायची.

रोजचं काम असं. सुटून आल्यावर पाय धुवा, पाण्याची उष्णता कोपरानं बघा, पायानं नव्हे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. उजेडात बसून तळवा आरशात बघा. वाकता येत नसेल तर बायकोला, मुलाला दाखवा. तेल-क्रीम टाचांना लावा, बेचक्यांत नको. खानापूरकडं पावसात भातात उभं राहून चिखल्या होतात, त्या शुगरवाल्यांनी किरकोळ समजू नयेत. त्या फाटलेल्या कातडीतूनच जंतू आत जातात. गमबूट घाला, आणि चिखल्या आठवड्यात गेल्या नाहीत तर दाखवा.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. अंगठ्यापुढं जागा हवी. नवे सेफ्टी शूज पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला. मोजे सुती आणि पांढरे, कारण रक्ताचा डाग दिसतो. घालण्याआधी बूट उलटा झटकून आत हात फिरवायचा, रोज. भट्टीजवळ पँट बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचायची नाही. कुरूप किंवा भोवरी ब्लेडनं कापू नका, तिची औषधी पट्टीही लावू नका. थंडीत शेकोटीशी, तापल्या विटेनं पाय शेकू नका.

नवरात्रात अनवाणी राहणं, यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी जाणं हे बधिर पायाच्या माणसानं मनात धरू नये. देवीची ओटी चप्पल दाराशी काढूनही भरता येते.

एक पाय अचानक सुजला, लाल-गरम झाला, पण फारसा दुखत नाही, तर मुरगळला असेल म्हणून मालिश करू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर.

७. हात आणि डोळे

शुगरवाल्यांना खांदा आखडणं, बोट अडकणं, मनगटाची नस दबणं हे जास्त होतं. माग चालवणारे, विडी वळणारे हे वयावर ढकलतात. बोट सकाळी मिटलेलं उघडत नसेल तर लवकर दाखवा, सुरुवातीला उपाय सोपा असतो. हात बधिर आहेत म्हणून हातमोजे घालणं गरम वस्तू उचलताना बरोबर आहे, पण लेथ, ड्रिल अशा फिरत्या यंत्रावर हातमोजा बोटांसकट आत ओढला जातो. तिथं मोजा नको, गार्ड म्हणजे यंत्राचं संरक्षक झाकण हवं.

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा, दिसायला चांगलं असलं तरी. तपासणीत थेंब घालतात, त्यानंतर काही तास अंधूक दिसतं, म्हणून त्या दिवशी रजा टाका आणि सोबत कुणाला तरी न्या. शुगर फार वर-खाली होत असेल तेव्हा नवा चष्मा करू नका. शुगर जाग्यावर आली की नंबर बदलतो आणि पैसे वाया जातात. डोळ्यांच्या पडद्यावर लेसर झालेल्यांना अंधारात कमी दिसू शकतं. रात्रपाळी आणि रात्रीचं ड्रायव्हिंग यांचा तेव्हा विचार करा.

८. भट्टी आणि उन्हाळा

घामानं पाणी गेलं की शुगर चढते, आणि चढलेली शुगर लघवीवाटे आणखी पाणी काढते. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. मीठ घातलेलं ताक उत्तम, पण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ विचारून. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर काढतात. त्या घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, खाणं बंद झालं तर लगेच डॉक्टरला फोन. इन्सुलिनचं वापरातलं पेन गाडीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका, उन्हात ते निकामी होतं. फ्रिज नसेल तर पाण्यानं ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पिशवीत घालून ठेवा.

९. लागलंच तर

वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ कापडानं झाका, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. हळद, चुना, तंबाखू, ग्रीस यांतलं काही नको. भाजलं तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. पायाची जखम कितीही लहान असो, २४ तासांत दाखवा आणि त्या पायावर उभं राहून काम करू नका. भोवती लाली पसरतेय, वास येतोय, काळं पडतंय, ताप आहे, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी तालुका दवाखाना किंवा बेळगावचं जिल्हा रुग्णालय.

आणि कागद. अपघात त्याच दिवशी फॅक्टरीच्या नोंदवहीत लिहायला लावा, वेळ आणि यंत्रासकट. मजुरी महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखान्याला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल, तर कामावरच्या इजेनं घरी बसावं लागल्यास मजुरीच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. साध्या आजारपणाच्या रजेला मिळतो त्याच्यापेक्षा तो जास्त आहे, म्हणून ‘आजारी’ म्हणून नोंद होऊ देऊ नका. ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. शुगर आहे एवढ्यावरून हा हक्क आपोआप जात नाही. दारू पिऊन काम केलं किंवा गार्ड मुद्दाम काढून टाकला तर मात्र तो अडचणीत येतो.

१०. मालक आणि मुकादमांसाठी थोडं

शुगर कळली म्हणून माणूस काढून टाकलात तर बाकीचे लपवतील, आणि लपवणारा जास्त धोक्याचा. जेवणाची सुट्टी ऑर्डरच्या घाईत पुढं ढकलू नका. ज्याला नुकताच जोराचा लो होऊन गेला आहे त्याला काही दिवस भट्टी, उंची आणि फोर्कलिफ्टवरून काढून पॅकिंग-तपासणीसारखं काम द्या, मजुरी न कापता. पाळी बदलायची तर आठवडाभर आधी सांगा, म्हणजे त्याला डॉक्टरला विचारता येईल. प्रथमोपचार पेटीत ग्लुकोज पावडरचा डबा, पाण्याची बाटली आणि चालू बॅटरीचा ग्लुकोमीटर ठेवा. पेटीला कुलूप लावत असाल तर किल्ली पाळीवरच्या माणसाकडं हवी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. रात्री दोनला ऑफिस बंद असतं.